शंकेखोराची उलटतपासणी

मुंबईतल्या हाउसिंग सोसायट्यांना वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत उरकावी लागते. त्यामुळे त्या महिन्यातल्या रविवारी कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर नाहीतर पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या दिसतात. त्यातल्या एका खुर्चीवर एक काका असतातच. हिशोबाचं पहिलं पान उघडायच्या आत ते म्हणतात, "सगळे चोर आहेत." लिफ्टच्या दुरुस्तीत खाल्ले, रंगकामात खाल्ले, टँकरच्या पाण्यातही खाल्ले. सेक्रेटरी म्हणतो, "काका, बिलांची फाइल ऑफिसात आहे, कधीही येऊन बघा." काका जात नाहीत. पुढच्या सप्टेंबरात तेच वाक्य, तोच सूर. क्वचित एखाद्या सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेली एखादी बाई मात्र खरंच ऑफिसात जाते. ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं बघण्याचा हक्क सहकार कायद्याने सभासदाला दिलेलाच आहे. त्यापुढे जाऊन ती बिलंही मागून घेते, दोन-तीन बाजूला काढते, खुलासा मागते. खुलासा पटला, तर सभेत उभी राहून सांगते, "मी सगळं पाहिलं. हिशोब बरोबर आहे."

हे शेवटचं वाक्य शंकेखोरांच्या तोंडून फार क्वचित ऐकू येतं. शंका घेणं हा सद्गुण आहे का, या प्रश्नाचं माझं उत्तर त्या वाक्यापाशीच आहे. नुसती शंका घ्यायला काही लागत नाही. जे फुकटात जमतं त्याला मी गुण म्हणणार नाही. शंका आली म्हणून उठून बघायला जाणं आणि बघितल्यावर जे निघेल ते, आपल्या सोयीचं नसलं तरी, चार लोकांत कबूल करणं याला किंमत पडते. वेळ जातो, नाक कापलं जातं, कधी मैत्री तुटते. ही किंमत मोजायची ज्याची तयारी आहे त्याच्या शंकेला मान द्यावा. बाकीच्यांची शंका म्हणजे तक्रारखोरपणाचा एक सुशिक्षित प्रकार.

मुंबईकराला आपल्या संशयी स्वभावाचा अभिमान असतो. रिक्षाचं मीटर, मासेवालीचा तराजू, स्टेशनबाहेर मिळणारा 'ओरिजिनल' चार्जर, सगळ्याकडे तो तिरक्या नजरेने बघतो. आपल्याला कोण फसवणार! त्याच मुंबईत, अगदी दादरमध्ये, २०२४ साली 'टोरेस'चं चकचकीत दुकान निघालं. दागिने आणि मोइसॅनाइटचे, म्हणजे हिऱ्यासारखे दिसणारे, खडे घ्या, दर आठवड्याला पैसे मिळवा, अशी योजना. वर्षभरही झालं नाही तोच पैसे यायचे थांबले आणि जानेवारी २०२५ मध्ये दुकानासमोर गर्दी जमली. तेव्हा पुष्कळांनी गुंतवणूकदारांना वेड्यात काढलं. लोक आंधळेपणाने धावले, असं आपण समजतो. मला ते पटत नाही. अनेकांनी आधी थोडेच पैसे टाकले होते. आठवडा गेला, पैसे आले. दुसरा आठवडा गेला, पुन्हा आले. मग दागिने मोडून, कर्ज काढून मोठी रक्कम टाकली. म्हणजे त्यांनी त्यांच्या परीने शंका घेतली होती, तपासही केला होता.

चूक तपासाच्या पद्धतीत होती. अशा योजनेत नव्या माणसांच्या पैशातून जुन्यांना हप्ते द्यायचे असतात. त्यामुळे सुरुवातीचे हप्ते येतातच, धंदा खरा असला तरी आणि खोटा असला तरी. ज्या परीक्षेत खऱ्याचं आणि खोट्याचं उत्तर एकच येतं, ती कितीही वेळा घेतली तरी हाती काही लागत नाही. त्यापेक्षा पाटीवरचा हिशोब कामाला आला असता. आठवड्याला सहाच टक्के धरले, तरी साध्या व्याजाने वर्षाला ३१२ टक्के होतात. एवढी कमाई कुठल्या धंद्यात होते, आणि होत असेल तर तो धंदेवाला तुमच्या-माझ्याकडे पैसे कशाला मागेल? 'मी स्वतः अनुभव घेतलाय' हे वाक्य आपल्याकडे वादाचा शेवट मानलं जातं. खरं तर तपासाची सुरुवात तिथून व्हायला हवी.

दुसरी एक समजूत अशी, की शंकेखोर माणसं आणि भाबडी माणसं या दोन वेगळ्या जमाती आहेत. तसं असतं तर बरं झालं असतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप त्या दिवसांत फोनाफोनी पसरत होते. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारलं. त्या जमावात संशयाची कमतरता नव्हती. अनोळखी माणसांवर, त्यांच्या कपड्यांवर, त्यांच्या उत्तरांवर, सगळ्यावर संशय घेतला गेला. कुणी पाठवला हे माहीत नसलेल्या निरोपावर मात्र कुणी घेतला नाही. संशय आणि भाबडेपणा एकाच डोक्यात, एकाच मिनिटाला, गुण्यागोविंदाने नांदतात. संशयाची दिशा कोण ठरवतं, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक वेळा ती आपल्या भीतीने नाहीतर आपल्या आवडीनिवडीने आधीच ठरवून ठेवलेली असते. विरोधी पक्षाच्या नेत्याचा व्हिडिओ आला, की आपण तो कापलेला आहे का हे बघतो. आपल्या नेत्याचा आला, की तसाच पुढे पाठवतो.

मग हसणाऱ्यांचं काय? २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायला लागला, तेव्हा मुंबईतल्या देवळांपुढेही रांगा लागल्या. दुधाने भरलेला चमचा सोंडेला टेकवला, किंचित कलता केला, की दूध हळूहळू कमी व्हायचं. बघणाऱ्यांचे डोळे खोटं बोलत नव्हते, दूध खरंच कमी होत होतं. द्रवाच्या पृष्ठताणामुळे चमच्याच्या काठावरचं दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि मग पातळ थराने सोंडेवरून खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरा थर दिसत नाही, इतकंच. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला आणि ओघळ सगळ्यांना दिसला. त्या दिवशी घरी बसून 'लोक मूर्ख आहेत' म्हणणारे हजारो होते. त्यांचं मत बरोबर निघालं, पण ते बरोबर आहे हे त्यांना माहीत होतं असं मी म्हणणार नाही. ते माहीत झालं दुधात रंग कालवणाऱ्याला.

घरी बसलेल्याची परीक्षा अकरा वर्षांनी झाली, आणि ती आपल्याच माहीमला. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी पसरली. बाटल्या, डबे घेऊन माणसं धावली, लहान मुलांनाही ते गढूळ पाणी पाजलं गेलं. पालिका पिऊ नका म्हणून सांगत होती. या वेळी 'सगळं थोतांड' म्हणणारा मात्र अर्धा चुकला. भर पावसाळ्यात मिठी नदी माहीमच्या खाडीत ओतत असते. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते वर राहतं आणि किनाऱ्यालगत चव खरोखर बदलू शकते. लोकांची जीभ खोटं सांगत नव्हती. त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष फसला होता, आणि पोटाला घातक होता. जिभेवरही विश्वास नाही आणि तपासही नाही, अशी शंका घेणारा या गर्दीपेक्षा शहाणा कसा ठरतो, हे मला कळत नाही. तो फक्त जास्त स्वच्छ पाणी प्यायला.

शंका म्हणजे अविश्वास, असं धरून आपण चालतो. कांदिवलीची गोष्ट त्याच्या बरोबर उलटी आहे. मे २०२१ मध्ये कोविडच्या लशीचे स्लॉट मिळता मिळत नव्हते. ३० मेला तिथल्या एका मोठ्या सोसायटीत लसीकरणाचं शिबिर झालं. डोसामागे १,२६० रुपये, ३९० जणांनी टोचून घेतलं. एक-दोन दिवसांत रहिवाशांमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणालाच ताप नाही, कुणाचाच हात दुखत नाही, हे कसं? मग प्रमाणपत्रं आली, ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाने. रहिवाशांनी त्या रुग्णालयांकडे चौकशी केली, तेव्हा कळलं की असं शिबिर त्यांनी घेतलेलंच नाही. प्रकरण पोलिसांत गेलं, आणि शहरात अशी आणखी बनावट शिबिरं झाल्याचं, दोन हजारांहून जास्त माणसं फसल्याचं उघडकीला आलं.

ही शंका कुणाला आली? लशीवर विश्वास असलेल्यांना. खऱ्या लशीने थोडा ताप येतो हे ज्यांनी वाचलं होतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकलं होतं, त्यांनाच ताप न येणं खटकलं. 'लस म्हणजे सगळा कंपन्यांचा डाव' म्हणणाऱ्याला ताप आला तरी शंका आणि नाही आला तरी शंका. त्याच्या शंकेला धार कुठून येणार? पाय कुठेतरी टेकलेला असेल तरच दुसरा उचलता येतो. सगळ्यावर एकदम संशय घेणाऱ्याच्या हाती तपासाचं एकही साधन उरत नाही, आणि मग जो शेवटचा कानाशी लागेल त्याचं तो ऐकतो. सरकारी आकडे खोटे, डॉक्टर खोटे, वर्तमानपत्रं खोटी, एवढं मनाशी पक्कं झालेला माणूस संध्याकाळी कुठल्यातरी बाबाच्या काढ्याची जाहिरात खरी मानतो, हे आपण घरोघरी पाहिलंय.

शंकेचा व्यापारही होतो. १९६९ सालच्या ब्राउन अँड विल्यमसन या अमेरिकी सिगारेट कंपनीच्या एका अंतर्गत टिपणात, शंका हाच आपला माल आहे, असं स्वच्छ लिहिलेलं सापडलं. तंबाखूने कॅन्सर होत नाही, हे सिद्ध करायची गरजच नव्हती. 'अजून नक्की कुठे ठरलंय' एवढं लोकांच्या मनात राहिलं की दुकान चालतं. परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेरच्या फुटपाथवर, गालाला पट्टी बांधलेल्या पेशंटच्या शेजारी बसूनही 'आमचे आजोबा ऐंशी वर्षं तंबाखू मळत होते, काही झालं नाही' म्हणणारा नातेवाईक भेटतो. हा माल इतका खोलवर पोचलाय.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की मग लशीला नकार देणारी गोवंडीची आई आणि हा तंबाखूवाला एकाच माळेचे मणी. इथे मी थांबेन. २०२२ च्या पावसाळ्यानंतर गोवंडीत गोवराची साथ आली आणि मुलं दगावली. कोविडच्या काळात डोस राहून गेले हे मोठं कारण. पण डोस नको म्हणणारी घरंही होती. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी राहणाऱ्या या वस्त्यांच्या दारात सरकार कशासाठी येतं, ते आधी बघावं. झोपडी पाडायला येतं, कागदपत्रं तपासायला येतं, आणि मग एक दिवस सुई घेऊन येतं. पाण्यासाठी दहा खेपा घातल्या तेव्हा जो साहेब भेटला नाही, तोच आज फुकट औषध घेऊन घरापर्यंत का आला, ही शंका निर्बुद्ध नाही. चुकीची आहे, मुलाच्या जिवावर बेतणारी आहे, पण तिच्यामागे अनुभव आहे.

मुंबईला हे नवीनही नाही. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि लगोलग घरांची झडती, रुग्णांना उचलून नेणं, सामान जाळणं सुरू झालं. इस्पितळात नेतात ते मारायलाच, अशी अफवा उठली. ऑक्टोबर महिन्यात हजारेक गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. तेच आजचं कस्तुरबा, गोवराची मुलं २०२२ मध्ये जिथे दाखल केली ते. सव्वाशे वर्षांत औषधं बदलली, त्या भिंतीबाहेरची भीती तितकीशी बदलली नाही. प्लेगच्या त्या गदारोळात वाल्डेमार हाफकिन यांनी काय केलं ते लक्षात घेण्यासारखं आहे. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांपैकी काहींना टोचली, काहींना नाही, आणि दोन्हींतला फरक मोजला. (कैद्याची संमती कितपत खरी, हे आज आपण विचारू, आणि विचारावंच.) लोकांना 'विश्वास ठेवा' म्हणण्याआधी त्याने स्वतःच्या औषधावर शंका घेतली. गोवंडीत घरोघर फिरणाऱ्या आशाताईंना बोलणी खावी लागतात, पण जिथे त्या लशीखेरीज इतर कामांसाठीही वर्षभर येत असतात, तिथे दार लवकर उघडतं. विश्वास कमवावा लागतो, हे शंका घेणाऱ्याला ऐकवण्याआधी यंत्रणेला ऐकवायला हवं.

स्वतःच्या औषधावर शंका घेण्याचं अलीकडचं उदाहरण याच शहरातलं आहे, आणि त्याबद्दल आपण कमी बोलतो. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये एक मोठी चाचणी चालवली. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका, वीस विभागांत वाटलेल्या. निम्म्या विभागांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी तपासणी करायच्या, उरलेल्या विभागांत फक्त कॅन्सरची माहिती दिली जायची. गर्भाशयमुखाची तपासणी ॲसिटिक ॲसिडने, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधल्या आम्लाने, आणि स्तनांची हाताने. मशीन नाही, महागडी प्रयोगशाळा नाही. आता गंमत बघा. स्वस्तातली, चांगल्या हेतूने केलेली तपासणी, ती उपयोगी पडणारच, असं कुणालाही वाटेल. सरळ सगळीकडे सुरू करून फोटो काढता आले असते. त्यांनी वीस वर्षं मोजत बसायचं ठरवलं.

२०१३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा निकाल जाहीर झाला, तपासणीमुळे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. आनंदाची गोष्ट. स्तनांच्या कॅन्सरचा निकाल २०२१ मध्ये छापून आला आणि तो इतका सरळ नव्हता. पन्नाशी उलटलेल्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते, पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मात्र फायदा दिसला नाही. सगळ्यांची सरासरी काढली तर घट ठामपणे सांगता येईल एवढी नव्हती. हे सगळं त्यांनी जसंच्या तसं लिहिलं. ज्या बायकांना तपासणी मिळाली नाही त्यांच्यावर अन्याय झाला का, हा नैतिक प्रश्न टीकाकारांनी उभा केला, आणि तो मी झटकून टाकणार नाही. पण सभेतल्या त्या काकांच्या शेजारी मला ही माणसं उभी करावीशी वाटतात. आयुष्याची वीस वर्षं एका कल्पनेवर घालवायची आणि शेवटी 'निम्म्या वयोगटात आमची कल्पना चालली नाही' असं स्वतःच्या सहीने छापायचं.

या संशोधकांचं शौर्य वेगळं आणि अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचं वेगळं. त्यांच्या कामाची किंमत २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्याच्या पुलावर वसूल केली गेली, आणि जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आला. २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागात क्रूसावरच्या येशूच्या पायातून पाणी झिरपतंय म्हणून गर्दी जमली. दिल्लीहून आलेल्या एका विवेकवाद्याने मागच्या भिंतीतली ओल आणि तुंबलेलं सांडपाणी दाखवलं. त्याच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि तो देश सोडून गेला. सांडपाण्याची लाइन कुणी दुरुस्त केली की नाही, याची बातमी मी कुठे वाचली नाही.

यावर लोकांचा एक आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. विरार-चर्चगेट करण्यात ज्याचे रोज तीन-चार तास जातात, त्याने दूध तपासायचं, लस तपासायची, की गुंतवणूक तपासायची? त्याच्याकडे दुधात रंग कालवायला वेळ नाही. खरंच नाही. म्हणून तर आपण शंका घ्यायचं काम पगार देऊन दुसऱ्यांना सोपवलंय. अन्न व औषध प्रशासन, पालिकेच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा, रिझर्व्ह बँक, सेबी, लेखापरीक्षक, ही सगळी आपल्या वतीने संशय घेणारी माणसं. ती गप्प बसली, उशिरा बोलली किंवा अर्धंच बोलली, की लोक स्वतः संशय घ्यायला लागतात आणि मग तो कुठेही जातो. म्हणून नागरिकाला वैज्ञानिक दृष्टिकोनाचं प्रवचन देण्याआधी (संविधानाच्या मूलभूत कर्तव्यांत तो १९७६ पासून आहेच) मी या यंत्रणांकडे त्यांची वही मागेन.

पाण्यापासून सुरुवात करता येईल. पालिका दररोज शहरभरातून पाण्याचे नमुने घेते. त्यातले किती पिण्यालायक नव्हते, ते वॉर्डवार टक्क्यांत पर्यावरण स्थितीच्या वार्षिक अहवालात छापते. तो अहवाल जाड असतो, उशिरा येतो, आणि आपल्या गल्लीचं पाणी गेल्या महिन्यात कसं होतं ते त्यात सापडत नाही. तोच आकडा दर महिन्याला वॉर्ड ऑफिसच्या दारावर लावावा, नमुना कुठल्या रस्त्यावरून, कुठल्या तारखेला आणि इमारतीच्या टाकीतून की रस्त्याखालच्या पाइपातून घेतला, या तपशिलासह. म्हणजे पोरं आजारी पडली की घाण आमच्या टाकीत आहे की पालिकेच्या पाइपात, यावरून सोसायटी आणि वॉर्ड ऑफिस यांच्यात वर्षानुवर्षं चालणारी भांडणं निदान आठवडाभरात तरी मिटतील.